म्हैसूरची प्रयोगशाळा आणि तरुणांचे ताट

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, रेशीम, चंदन आणि म्हैसूरपाक या गोष्टी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात. देशाच्या अन्नविषयक इतिहासात मात्र या शहराचे स्थान त्याहून मोठे आहे. १९५० मध्ये येथील चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. धान्यटंचाईने ग्रासलेल्या नवस्वतंत्र देशाला पुरेसे, टिकाऊ आणि पौष्टिक अन्न कसे देता येईल, हा प्रश्न तेव्हा तिच्यापुढे होता.

पाऊणशे वर्षांनंतर या प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. शहरी तरुणापुढे आज अन्नाची वाण नाही. दुकानाच्या फळ्या पाकिटांनी भरलेल्या आहेत आणि भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच गरम जेवण दाराशी येते. तथापि, त्या अन्नात मीठ किती, साखर किती, तेल कोणते, हे ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या हातात उरलेला नाही. तो परत मिळविण्याचा सर्वांत जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे स्वतः स्वयंपाक करता येणे. तरुणांना रांधण्याची आणि नीट खाण्याची सवय कशी लावावी, या चर्चेला म्हैसूरइतकी योग्य पार्श्वभूमी क्वचितच दुसऱ्या शहराला असेल.

टंचाईच्या काळातील विज्ञान

संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यम यांच्या काळात येथील संशोधनाचा रोख स्पष्ट होता. गरिबाच्या आहारात प्रथिने कमी पडतात आणि दूध, मांस व अंडी त्याला परवडत नाहीत. तेव्हा शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांच्या मिश्रणातून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार करण्यात आले. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांसाठी पचण्याजोगे दुग्धान्न बनविण्याची पद्धतही येथेच विकसित झाली. म्हशीच्या दुधाचे बालान्न होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असतानाच्या काळातील ही कामगिरी आहे. पुढे आणंदच्या सहकारी दुग्धव्यवसायाला तिचा मोठा आधार मिळाला.

१९६१ मध्ये याच शहरात संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. हिमशिखरांवर आणि वाळवंटात तैनात असलेल्या जवानांना अनेक महिने टिकणारी पोळी, पुलाव आणि भाज्या पाकिटातून पुरविण्याचे तंत्र तिने साध्य केले. फोडून गरम करताच खाता येईल अशा अन्नाची आज भरभराटीस आलेली बाजारपेठ पाहिली, तर तिच्यामागील काही मूलभूत तंत्रे याच शहरात सिद्ध झाली होती, हे लक्षात येते.

म्हणूनच प्रक्रिया केलेले सर्व अन्न वाईट, असे सरसकट विधान करणे म्हैसूरच्या संदर्भात तरी अन्यायाचे ठरेल. पापड, सांडगे, लोणचे, दही आणि इडलीचे आंबवलेले पीठ हीसुद्धा प्रक्रियाच आहे. आहारतज्ज्ञांचा आक्षेप आहे तो कारखान्यात शुद्ध केलेली पिष्टे, साखर, स्वस्त तेल, मीठ आणि कृत्रिम स्वाद यांच्या जुळणीतून तयार होणाऱ्या अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर. जवानासाठी पाकिटातील अन्न ही गरज होती. महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी ती सवय होऊन बसली, तर हिशेब बदलतो.

बदललेले ताट

हा बदल आकड्यांतही दिसतो. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी २२ टक्क्यांहून अधिक खर्च तृणधान्यांवर होत असे. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. त्याच वर्षी पेये, अल्पोपाहार आणि तयार अन्न यांवरील खर्चाचा वाटा ग्रामीण भागात ९.६२ टक्के, तर शहरी भागात १०.६४ टक्के होता. अन्नावरील खर्चात इतर कोणत्याही गटापेक्षा हा वाटा मोठा आहे. धान्यावरील खर्चाचे प्रमाण घटणे हे काही अंशी समृद्धीचे आणि स्वस्त शिधावाटपाचे लक्षण आहे. पण वाचलेला पैसा डाळी, भाज्या आणि फळे यांकडे किती वळला आणि पाकिटांकडे किती, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आरोग्याचे चित्र दुहेरी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ या काळात, देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात कर्नाटकातील सुमारे ३० टक्के प्रौढ स्त्री-पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींच्या वर असल्याचा अंदाज वर्तविला. एकाच घरात आईला रक्तक्षय, वडिलांना मधुमेह आणि मुलाला स्थूलता, असे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही.

जगाचे चित्रही वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटातील स्थूल मुलांचे प्रमाण जागतिक पातळीवर प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा अधिक झाले आहे. कुपोषण या शब्दाचा अर्थ केवळ उपासमार असा घेण्याचे दिवस संपले आहेत.

वसतिगृहातील पिढी

म्हैसूर हे विद्यार्थ्यांचे शहर आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ, भारतीय भाषा संस्थान, वाक् व श्रवण संस्था, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये यांमुळे देशभरातील तरुण येथे येतात. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील इन्फोसिस कंपनीच्या येथील प्रशिक्षण संकुलातून गेल्या दोन दशकांत हजारो नवपदवीधर बाहेर पडले आहेत. त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींची संख्याही लक्षणीय आहे. यांतील अनेकांसाठी घराबाहेरचा हा पहिलाच मुक्काम असतो.

घर सोडल्यानंतरची ही दोन-चार वर्षे आहाराच्या दृष्टीने निर्णायक असतात. आतापर्यंत ताट कोणीतरी वाढत होते; आता काय, केव्हा आणि किती खायचे, हे स्वतःच ठरवायचे असते. अशा वेळी ज्याला कुकर लावता येतो, वरणाला फोडणी देता येते आणि भाजी निवडता येते, त्याच्यासमोर पर्याय असतो. ज्याला यातले काहीच येत नाही, त्याला खानावळ, उपाहारगृह किंवा पाकीट यांपैकी एकाची निवड करणे भाग पडते. आहाराविषयीचे उत्तम ज्ञान असूनही केवळ हाताला सवय नसल्यामुळे ते कागदावर राहते.

मात्र सर्व दोष तरुणांवर ढकलणे योग्य नाही. बहुसंख्य वसतिगृहांत आणि पेइंग गेस्ट म्हणून दिल्या जाणाऱ्या खोल्यांत स्वयंपाकाला मनाई असते. आगीची भीती आणि विजेचा खर्च ही त्यामागील कारणे रास्त असली, तरी परिणाम असा होतो की शिकण्याच्या वयात चूलच हाताशी नसते. देखरेखीखाली चालणारे एखादे सामाईक स्वयंपाकघर, एक-दोन इंडक्शन शेगड्या, कुकर आणि धुण्याची सोय एवढी व्यवस्था मोठ्या वसतिगृहांना अशक्य नाही. परवडणाऱ्या घरांची चर्चा करताना आपण खोलीचे क्षेत्रफळ मोजतो. त्या खोलीत राहणारा माणूस काय शिजवू शकेल, याचा विचार फारसा होत नाही.

नाचणीचा धडा

पौष्टिक खाणे म्हणजे महागडे, परदेशी नावांचे पदार्थ, असा समज शहरी तरुणांत रुजलेला आहे. म्हैसूर-मंड्या परिसराचे पारंपरिक जेवण या समजाला छेद देते. येथील कष्टकऱ्यांचे मुख्य अन्न म्हणजे ‘रागी मुद्दे’. पाण्याला उकळी आणून त्यात नाचणीचे पीठ घालायचे, काही मिनिटे वाफ आणायची, लाकडी दांड्याने घोटून गुठळ्या मोडायच्या आणि ओल्या हाताने गोळे वळायचे, इतकीच त्याची कृती आहे. त्याला तेल लागत नाही. सोबत पालेभाजी व डाळीचे ‘सोप्पिन सारू’ किंवा कुळथाचे सार असते. ‘बस्सारू’ हा प्रकार तर मराठी वाचकाला आपल्या कटाच्या आमटीची आठवण करून देईल. कडधान्य आणि पालेभाजी एकत्र शिजवून निथळलेल्या पाण्याचे सार करायचे आणि उरलेल्या ऐवजाची कोरडी भाजी. एका पातेल्यातून दोन पदार्थ होतात आणि पोषक द्रव्ये वायाही जात नाहीत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात हे प्रमाण १० मिलिग्रॅमपेक्षाही कमी आहे. वाढीच्या वयातील मुलामुलींसाठी हा फरक मोठा आहे. कोकणातील आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरील नाचणीची भाकरी व आंबील यांनाही हेच लागू पडते.

या धान्याच्या इतिहासात म्हैसूर परिसराचे योगदान मोलाचे आहे. मंड्याजवळील व्ही. सी. फार्म येथील संशोधन केंद्रात सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती विकसित केल्या. लोक त्यांना आदराने ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणत. परंतु कृष्णराजसागर धरणाच्या कालव्यांनी भात व ऊस यांचे क्षेत्र वाढविले, शिधावाटपातून स्वस्त तांदूळ मिळू लागला आणि नाचणी ‘गरिबाचे अन्न’ म्हणून मागे पडत गेली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यानंतर तिला पुन्हा प्रतिष्ठा लाभली, पण ती बव्हंशी बिस्किटे, कुकी आणि न्याहारीच्या पाकिटांच्या रूपात. नाचणीचे नाव असलेल्या बिस्किटात मैदा, साखर आणि तेल किती आहे, हे पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही. मुद्दे किंवा भाकरी करता येणाऱ्याला ते वाचण्याची गरजच पडत नाही.

शाळेत जेवण आले, स्वयंपाक नाही

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ या नावाने ही योजना राबविली जाते. २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेखाली मुलांना दूध, फेब्रुवारी २०२४ पासून नाचणीचे पोषक पेय आणि त्याच वर्षी एका सामाजिक प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आठवड्यातील सहा दिवस अंडी किंवा अंडी न खाणाऱ्यांना केळी, असा तिचा विस्तार होत गेला. पोषणाच्या दृष्टीने ही मोठी झेप आहे.

तथापि, या योजनेत विद्यार्थ्याची भूमिका ताट घेऊन रांगेत बसण्याचीच राहिली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये शाळांतील परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळेच्या आवारात लावलेला शेवगा, पालक, कढीपत्ता मुलांनी वाढवावा आणि तो त्यांच्याच जेवणात यावा, ही कल्पना उत्तम आहे. महाराष्ट्रातही अनेक जिल्हा परिषद शाळांनी अशा बागा फुलविल्या. ज्या मुलाने स्वतः मेथी पेरली, ते मूल मेथीची भाजी ताटात टाकून देत नाही, असा शिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. पेरणे आणि खाणे यांच्यामधील रांधण्याची पायरी मात्र अद्याप बहुतेक ठिकाणी रिकामीच आहे. तयार जेवण मोठ्या केंद्रीय स्वयंपाकगृहातून गाडीने येत असेल, तर मुलांना चूल दिसतही नाही.

वर्ध्याची वाट

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयोग आपल्याच मातीत झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींच्या नई तालीमची मांडणी पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली मुले आणि मुली आळीपाळीने स्वयंपाकघर सांभाळत. किती माणसांना किती धान्य लागेल, त्याचा खर्च किती, डाळ व भाजी यांचे प्रमाण काय असावे, याचा हिशेब मुलेच करीत. गणित, आरोग्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असे तिन्ही विषय त्या एका कामात शिकविले जात. स्वातंत्र्यानंतर परीक्षाकेंद्री शिक्षणाच्या लोंढ्यात ही पद्धत मागे पडली.

म्हैसूरनेही अशी एक संधी पाहिली आहे. १९६३ मध्ये येथे स्थापन झालेले प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय, म्हणजे आजची प्रादेशिक शिक्षण संस्था, बहुउद्देशीय शाळांसाठी शिक्षक घडविण्याच्या हेतूने उभारण्यात आले होते. शेती, तंत्रज्ञान, गृहविज्ञान यांसारखे विषय नेहमीच्या अभ्यासक्रमाबरोबर शिकवावेत, असा तो विचार होता. तोही फार काळ तग धरू शकला नाही.

अलीकडे हा धागा पुन्हा हाती घेतला जात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नव्या शैक्षणिक धोरणानुसार तयार केलेल्या सहावीच्या ‘कौशल बोध’ या पुस्तकात शाळेची परसबाग आणि विस्तवाविना पाककृती हे दोन्ही प्रकल्प आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील मुले आता वर्गात कोशिंबीर आणि सरबत करतील. कर्नाटकाने मात्र राष्ट्रीय धोरण बाजूला ठेवून स्वतःचा मार्ग निवडला. त्यासाठी मूळचे विदर्भातील अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला अहवाल राज्य सरकारला सादर केला. धोरण केंद्राचे असो वा राज्याचे, एका शहरातील दोन शाळांपैकी एकीत मूल काकडी चिरायला शिकते आणि दुसरीत शिकत नाही, असे होऊ नये. हे कौशल्य राजकीय मतभेदांच्या पलीकडचे आहे.

स्वयंपाक कोणाचा?

या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न येथेच उपस्थित होतो. ‘तरुणांनी स्वयंपाक शिकावा’ असे म्हटल्यावर अनेक घरांत त्याचा अर्थ ‘मुलींनी शिकावा’ असाच घेतला जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशातील ८१.२ टक्के स्त्रिया घरातील विनावेतन कामे करतात. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के आहे. २०२४ च्या सर्वेक्षणात अशी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे त्यावर खर्च करीत असल्याचे दिसले. पाच वर्षांत फरक पडला तो अगदी थोडा.

मराठी घरांत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० पासून पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. लग्नात ते नववधूला भेट देण्याची प्रथाच पडली. नवरदेवाला ते दिल्याचे उदाहरण शोधावे लागेल. ज्या मुलीने शिक्षण आणि नोकरी यांसाठी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, तिला आरोग्याच्या नावाखाली पुन्हा आत ढकलले जाणार असेल, तर तिचा विरोध समजण्याजोगा आहे. म्हणून या मोहिमेची पहिली अट अशी असली पाहिजे की, ती मुलांसाठी आणि मुलींसाठी एकाच वेळी, एकाच वर्गात सुरू व्हावी. सेवाग्रामने ही अट नव्वद वर्षांपूर्वी पाळली होती.

बाहेरचे अनुभव

इतर देशांनी याबाबत काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. जपानने २००५ मध्ये ‘शोकुइकु’ म्हणजे अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तेथील प्राथमिक शाळांत मुलेच पांढरे अंगरखे व टोप्या घालून वर्गमित्रांना जेवण वाढतात आणि नंतर आवराआवर करतात. फिनलंडमध्ये सातवीच्या सुमारास मुलामुलींना गृहव्यवस्थापन हा विषय सक्तीने शिकविला जातो. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १४ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंपाक व पोषण अनिवार्य केले. ब्राझीलच्या २०१४ च्या आहार मार्गदर्शिकेने तर पोषणमूल्यांच्या कोष्टकांऐवजी, ताजे अन्न शिजवा, कौशल्ये वाटून घ्या आणि एकत्र बसून जेवा, असा साधा उपदेश नागरिकांना केला.

अशा वर्गांमुळे मुलांचा आत्मविश्वास आणि भाज्या खाण्याची तयारी वाढते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मात्र चार तासांच्या शिबिराने आयुष्यभराच्या सवयी बदलतात, असा दावा कोणी करू नये. सातत्य नसेल, तर ही शिबिरे छायाचित्रांपुरतीच उरतात.

बाजाराचे बळ

व्यक्तीच्या सवयी बदलण्यालाही मर्यादा आहेत. एका बाजूला शाळेतील शिक्षिका पालेभाजीचे महत्त्व सांगते आणि दुसऱ्या बाजूला खेळाडू व नटांच्या जाहिराती दिवसभर उलटा संदेश देतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. कोणत्याही शहरात शाळा सुटण्याच्या वेळी दारापाशी उभे राहिल्यास या नियमाचे काय झाले, ते दिसते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. त्याच सुमारास पाकिटाच्या दर्शनी भागावर स्पष्ट इशारा छापण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता.

करव्यवस्थाही दोन दिशांना ओढताना दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातील बदलांत शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवण्यात आला. मात्र बिस्किटे, शेवया-नूडल्स, चॉकलेट आणि नमकीन यांवरील कर पाच टक्क्यांवर आणला गेला. महागाईने गांजलेल्या ग्राहकाला दिलासा मिळाला, हे खरे. परंतु भाजीबाजारातील चढ्या भावांच्या तुलनेत पाकीट आणखी स्वस्त झाले, हेही तितकेच खरे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ती परवडेल का, हा प्रश्न टाळून केवळ स्वयंपाकाचे वर्ग भरविणे अपुरे ठरेल.

पुढील वाट

तरीही निराश होण्याचे कारण नाही. म्हैसूरपाशी या कामासाठी लागणारी सर्व साधने आहेत. अन्नविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, विद्यापीठात पोषणशास्त्राचा विभाग आहे, शिक्षक घडविणारी संस्था आहे आणि भोवताली नाचणी, कुळीथ, अवरे व नंजनगूडची रसबाळे केळी पिकविणारा शेतकरी आहे. दसऱ्याच्या काळात भरणाऱ्या आहार मेळ्याला दरवर्षी मोठी गर्दी लोटते. तेथे हेग्गडदेवनकोटे भागातील आदिवासींच्या बांबूत शिजवलेल्या पदार्थांपुढे रांगा लागतात. पाककृतींच्या स्पर्धाही होतात. या मेळ्यात शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी ठरावीक खर्चात चौघांचे समतोल जेवण शिजवून दाखविण्याची स्पर्धा मध्यवर्ती झाली, तर खाण्याच्या उत्सवाला शिकण्याचे अंग मिळेल.

हेच महाराष्ट्रातही करता येईल. दहावी होईपर्यंत प्रत्येक मुलाला आणि मुलीला भात, वरण, एक भाकरी किंवा पोळी, एक पालेभाजी, एक उसळ आणि एक कोशिंबीर करता यावी, इतके माफक उद्दिष्ट राज्याने ठेवले तरी पुरे आहे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा नको. एक शेगडी, एक कुकर, एक विळी किंवा सुरी आणि महिन्यातून दोन तासिका यांवर भागेल. मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या ताई व मावशी यांना या तासिकांपुरते मानधनासह प्रशिक्षक म्हणून नेमता येईल. शाळेत ज्यांच्याकडे आजवर केवळ मदतनीस म्हणून पाहिले गेले, त्यांच्या ज्ञानाचाही त्यामुळे मान राखला जाईल. पोळी वाकडी झाली म्हणून गुण कापले जाणार नाहीत, एवढे पथ्य मात्र शाळांनी पाळावे.

देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणांत २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी म्हैसूरने पहिला क्रमांक मिळविला होता. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय तेथील घराघरांत रुजल्यामुळे ते शक्य झाले. फलक लावणे हा त्या कामाचा केवळ प्रारंभ होता; खरे काम रोज सकाळी प्रत्येक घराच्या दारात झाले. आहाराचेही तसेच आहे. १९५० मध्ये या शहरात देशाने अन्नाची भ्रांत दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांना कामाला लावले. आज उरलेले काम शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या हातून होणारे नाही. ते शाळेतील तासिकेत, वसतिगृहाच्या सामाईक शेगडीवर आणि घरातील ओट्यापाशी व्हावयाचे आहे. त्या ओट्यापाशी मुलगी उभी राहते तेव्हा मुलगाही शेजारी उभा असेल, एवढी काळजी घेतली, तर पुढच्या पिढीच्या ताटाची निम्मी चिंता मिटेल.